न उच्चारला जाणारा 'सी' आणि जहाजावरचा शिधा

इंग्रजीत अन्नाला जुने शब्द पुष्कळ आहेत. मीट, व्हायंड, मेस, पॉटेज, फेअर. त्यांतला 'व्हिटल्स' मला सगळ्यांत बोलका वाटतो, कारण त्याच्या स्पेलिंगमध्ये एक जुना वाद मुरलेला आहे आणि अर्थामध्ये एक अख्खी व्यवस्था. स्पेलिंग असं: व्ही, आय, सी, टी, यू, ए, एल, एस. पहिल्यांदा वाचणारा हमखास 'व्हिक्च्युअल्स' म्हणतो. खरा उच्चार 'व्हिटल्स', 'लिटल'शी यमक जुळेल असा. मधला 'सी' कोणी उच्चारत नाही, 'यू' आणि 'ए'सुद्धा नाही.

शब्दकोश अर्थ देतो 'अन्न, खाद्यसामग्री'. तेवढ्यावर थांबलं तर शब्द हातातून निसटतो. ताटात वाढलेल्या गरम जेवणाला व्हिटल्स म्हटलेलं सापडेल, पण या शब्दाचं घर कोठारात आहे. आधी साठवलेलं, मोजून ठेवलेलं, वाटून द्यायचं, वाटेत पुरवून खायचं ते व्हिटल्स. मराठीत त्याला 'अन्न'पेक्षा 'शिधा' जवळचा. रेशनकार्डाला आपण शिधापत्रिका म्हणतो त्यातला शिधा.

मूळ लॅटिनमध्ये आहे. 'विवेरे' म्हणजे जगणं. त्यावरून 'विक्टुस', म्हणजे जगण्याचं साधन, पोटापाण्याची सोय. त्यावरून पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये 'विक्टुआलिया', म्हणजे अन्नसामग्री. हे 'विवेरे' आणि संस्कृतातलं 'जीव्' एकाच मुळाची दोन रूपं. ग्रीक 'बायोस' आणि इंग्रजी 'क्विक' हेही त्याच कुळातले; 'क्विक'चा जुना अर्थ 'जिवंत' असाच होता. त्यामुळे रोमन माणसाचा 'विक्टुस' आणि आपली 'उपजीविका' यांचं नातं नुसतं अर्थाचं नाही, रक्ताचंही आहे.

लॅटिन शब्द लोकांच्या तोंडी झिजत झिजत जुन्या फ्रेंचमध्ये आला तेव्हा त्यातला 'क' पूर्ण गळून गेला होता. फ्रेंचमधून तो इंग्लंडमध्ये गेला आणि साधारण १३०० च्या सुमारास इंग्रजी लिखाणात दिसू लागला तो 'व्हितेल'सारखा, 'सी'शिवाय. पुढे विद्वानांमध्ये लॅटिनचं प्रेम उफाळून आलं. शब्दाचं कुळ कागदावर दिसलं पाहिजे म्हणून सोळाव्या शतकाच्या आसपास त्यांनी हा 'सी' परत आणून बसवला. 'डेट'मधला 'बी', 'डाउट'मधला 'बी', 'रिसीट'मधला 'पी' हे सगळे याच पद्धतीने आत घुसलेले पाहुणे.

यातले काही पाहुणे पुढे घरचे झाले. 'व्हर्डिक्ट' हा शब्द आधी 'व्हर्डिट' होता, 'पर्फेक्ट' हा 'पार्फिट' होता. स्पेलिंगमध्ये 'सी' आला आणि हळूहळू जिभेवरही बसला. 'इंडाइट' या कोर्टातल्या शब्दात मात्र 'सी' लिहिला जातो, बोलला जात नाही. 'व्हिटल्स'चंही तसंच झालं. पुस्तकातून शिकलेले शब्द स्पेलिंगपुढे वाकतात. हा शब्द स्वयंपाक्यांच्या, खानावळवाल्यांच्या आणि खलाशांच्या तोंडात रोज होता, आणि त्यातले बहुतेक स्पेलिंगच्या वाटेला जाणारे नव्हते. जीभ तशीच राहिली. विनोदी लेखक खेडवळ पात्राच्या तोंडी हा शब्द घालताना तो मुद्दाम 'सी'शिवाय, डबल टी घालून लिहीत आले आहेत, जणू तो अडाणी उच्चार आहे. उच्चार अगदी शुद्ध आहे आणि तेच स्पेलिंग मूळ इंग्रजी रूपाला जास्त धरून आहे.

सख्खी भावंडं बघायची तर 'व्हायंड' बघावा. तो लॅटिन 'विवेंडा'वरून, म्हणजे 'ज्यावर जगायचं ते'. फ्रेंचमध्ये त्याचा 'व्हियांद' झाला, एके काळी अर्थ कोणतंही अन्न, आज फक्त मांस. इंग्रजी 'मीट'चंही हुबेहूब असंच आकुंचन झालं. १६११ च्या राजमान्य इंग्रजी बायबलात 'मीट ऑफरिंग' म्हणून जो नैवेद्य सांगितला आहे तो पीठ, तेल आणि ऊद यांचा आहे, मांसाचा कणही त्यात नाही, कारण तेव्हा 'मीट' म्हणजे अन्न. मुंबईतल्या जुन्या मिठाईच्या दुकानांच्या पाट्यांवर 'स्वीटमीट' वाचून दचकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. 'मेस'ची गंमत पुणेकरांना आवडेल. जुन्या फ्रेंचमध्ये 'मेस' म्हणजे पुढ्यात ठेवलेला पदार्थ, एक वाढप. मग एकत्र जेवणाऱ्यांचं टोळकं म्हणजे मेस, मग ते जेवतात ती जागा. सदाशिव पेठेत मेस लावणारा विद्यार्थी अन्नाचा एक फार जुना शब्द वापरत असतो.

व्हिटल्स मात्र आकसला नाही, कारण त्याला राजाश्रय मिळाला. इंग्लंडच्या आरमाराला लाखो पौंड अन्न विकत घ्यायचं, टिकवायचं, भरायचं आणि वाटायचं होतं. त्या कामासाठी १६८३ मध्ये व्हिक्चुअलिंग बोर्ड स्थापन झालं (उच्चार अर्थात 'व्हिटलिंग') आणि ते १८३२ पर्यंत चाललं. त्याच्या आधी सॅम्युअल पीप्स, ज्याची रोजनिशी पुढे प्रसिद्ध झाली तोच, १६६५ मध्ये या खात्याचा सर्व्हेयर जनरल नेमला गेला होता. खलाशाच्या शिध्यातून काहीही कापलं किंवा हलक्या मालाचं दिलं तर त्याची नोकरीवरची निष्ठा तिथेच संपते, हे त्याने स्वच्छ ओळखलं होतं. त्याने घालून दिलेली हिशेबाची शिस्त पुढे कितीतरी पिढ्या टिकली.

आरमाराच्या १७३१ च्या नियमावलीत एका माणसाचा आठवड्याचा शिधा ठरलेला आहे. रोज एक पौंड बिस्किट आणि एक गॅलन बिअर. मंगळवारी आणि शनिवारी प्रत्येकी दोन पौंड खारवलेलं गोमांस. रविवारी आणि गुरुवारी एक पौंड खारवलेलं डुकराचं मांस. रविवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार अर्धा पाइंट वाळवलेले वाटाणे. सोमवार, बुधवार, शुक्रवार एक पाइंट ओटचं भरड पीठ, दोन औंस लोणी आणि चार औंस चीज. म्हणजे आठवड्याला सात पौंड बिस्किट, चार पौंड गोमांस, दोन पौंड डुकराचं मांस, दोन पाइंट वाटाणे, तीन पाइंट ओट, सहा औंस लोणी, बारा औंस चीज. इतिहासकार याच्या दिवसाला साडेचार ते पाच हजार कॅलरी धरतात. पाळी संपेपर्यंत दोर ओढणाऱ्या आणि शिडांवर चढणाऱ्या माणसाला तेवढं लागतंच. बिअर हलकी असे, आणि ती देण्याचं कारण सोपं होतं: पिंपातलं पाणी शेवाळून वास मारू लागायचं, बिअर त्या मानाने काही आठवडे बरी राहायची. बिअर संपली की त्याऐवजी वाइन किंवा मद्य. पूर्वेकडच्या समुद्रात अरक ही इकडची दारू आणि बिस्किटाऐवजी तांदूळही चालत.

आता हा तक्ता आठशे माणसांच्या मोठ्या युद्धनौकेला लावून बघा. आठवड्याला ५,६०० पौंड बिस्किट, म्हणजे बरोबर अडीच इंग्रजी टन. बिस्किट ११२ पौंडांच्या पोत्यांत भरत, म्हणजे आठवड्याला ५० पोती आणि सहा महिन्यांच्या सफरीला १,३००. गोमांसाचे चार चार पौंडांचे तुकडे धरले तर आठवड्याला ८००, सहा महिन्यांना वीस हजारांच्या वर. तोफा, दारूगोळा, दोर, शिडं आणि माणसं यांच्याखाली हे सगळं जहाजाच्या पोटात बसवायचं. जुन्या युद्धनौकेत शिरल्यावर सगळे तोफा बघतात. मी म्हणेन खाली उतरून तळघर बघा. वाडियांच्या देखरेखीखाली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात सोडलेली 'ट्रिंकोमाली' आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत्या अवस्थेत जपलेली आहे. तोफांच्या मजल्याखालची तिची जागा बघितली की जहाज म्हणजे आधी कोठार आणि मग लढाईचं साधन हे आपोआप पटतं.

त्या तक्त्यातल्या सोमवार, बुधवार, शुक्रवार या तीन दिवसांकडे परत जाऊ. त्या दिवशी मांस नाही. खलाशी या दिवसांना 'बनियन डे' म्हणत, आणि हा बनियन म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा वाणी. सुरतेच्या आणि मुंबईच्या बंदरात इंग्रजांचा ज्यांच्याशी रोज व्यवहार होता ते गुजराती व्यापारी मांस खात नसत, म्हणून बिनमांसाचा दिवस तो वाण्याचा दिवस. जॉन ओव्हिंग्टन नावाचा पाद्री १६८९ मध्ये जहाजातून निघाला, मुंबई आणि सुरत इथे राहिला, आणि त्याचं प्रवासवर्णन १६९६ मध्ये छापून आलं. त्यात तो सांगतो की इथे युरोपियन खलाशांना आठवड्यातून एकदोनदा खिचडी खावी लागते, त्या दिवशी मांस बंद असतं, आणि या बनियन दिवसांचा त्यांना मनापासून तिटकारा आहे. साध्या डाळतांदळाच्या खिचडीने त्यांची एवढी चिडचिड व्हावी याचं मला नवल वाटत नाही. बाकीच्या शिध्यात चव म्हणून फक्त मीठ आणि चरबीच होती, आणि त्या दिवशी तीही काढून घेतली जायची. शब्द मात्र टिकला आणि उलटा झाला. आजच्या ब्रिटिश आरमारात 'बनियन' म्हणजे किनाऱ्यावर उतरून केलेली सहल, आणि त्यात निखाऱ्यांवर मांसच भाजतात.

शिधा म्हटला की माप आलं, आणि माप आलं की ते कोणाच्या हातात हा प्रश्न आला. जहाजावर ते पर्सरच्या, म्हणजे शिधा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हातात. गळती, सांडलवंड, उंदीर आणि वाळून कमी होणारं वजन यांची तूट भरून निघावी म्हणून त्याला दर पौंडामागे दोन औंस कापून ठेवायची मुभा होती. म्हणजे कागदावर सोळा औंसांचा पौंड, खलाशाच्या हातात चौदा औंसांचा. ४५४ ग्रॅमऐवजी साधारण ३९७. आठवा हिस्सा कायमचा कापलेला. तूट खरीच होत असे, पण ती मोजून दाखवण्याऐवजी आधीच सरसकट कापली जाई, आणि वाचलेलं पर्सरच्या खात्यात जमा. एप्रिल १७९७ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावर स्पिटहेडला आरमाराने बंड पुकारलं तेव्हा पगारवाढीच्या जोडीला पहिल्या मागण्यांत ही होती: पौंड सोळा औंसांचा करा. ती मान्य झाली. पोटभर द्या असं ते म्हणाले नाहीत; लिहिलंय तेवढं द्या म्हणाले. मला ही मागणी त्या सगळ्या बंडातली सर्वांत न्याय्य वाटते.

वाटपाचं सगळ्यात नेमकं उदाहरण मात्र जहाजावरचं नाही, होडीतलं आहे. २८ एप्रिल १७८९ ला इंग्लंडच्या आरमाराच्या 'बाउंटी' जहाजावर बंड झालं आणि कप्तान ब्लायला अठरा माणसांसह तेवीस फुटांच्या उघड्या होडीत उतरवलं गेलं. हा ब्लाय स्वतःच्या जहाजाचा पर्सरही होता, आणि बंडाच्या आदल्या दिवशीचं शेवटचं मोठं भांडण जहाजावरून नाहीशा झालेल्या नारळांवरूनच झालं होतं. होडीत शिधा होता १५० पौंड बिस्किट, डुकराच्या मांसाचे सोळा तुकडे, थोडी रम, सहा बाटल्या वाइन आणि २८ गॅलन पाणी. पहिल्याच बेटावर एक माणूस मारला गेला, राहिले अठरा. सुरुवातीला ब्लाय अंदाजाने वाटत होता. मग त्याने नारळाच्या दोन करवंट्यांचा तराजू केला. होडीत पिस्तुलाच्या काही गोळ्या सापडल्या. पंचवीस गोळ्यांचा एक पौंड भरत होता. एका वेळेला एका माणसाला एका गोळीच्या वजनाइतकं बिस्किट, म्हणजे साधारण अठरा ग्रॅम. आपल्या पोह्यांच्या एका मुठीपेक्षा जास्त नाही.

एखादा समुद्रपक्षी हाती लागला तर तो कच्चाच अठरा भागांत चिरायचा. सगळे भाग सारखे होणं शक्य नाही, म्हणून आरमारातली जुनी रीत: एकाने पाठ फिरवून उभं राहायचं, दुसऱ्याने एकेका वाट्याकडे बोट दाखवून विचारायचं, 'हे कोणाला?' आणि पाठमोऱ्याने नाव घ्यायचं. यात वाटणाऱ्याला माणूस निवडता येत नाही आणि नाव घेणाऱ्याला तुकडा. ३,६०० सागरी मैलांची मजल मारून १४ जूनला होडी तिमोर बेटावर कुपांगला लागली. वाटेत उपासमारीने एकही माणूस दगावला नाही. ब्लायच्या स्वभावाबद्दल लोक आजही भांडतात. त्या करवंट्यांबद्दल भांडण्यासारखं काही नाही.

या सगळ्याचा कणा म्हणजे बिस्किट. ते करून बघितल्याशिवाय व्हिटल्स म्हणजे काय हे कळत नाही, आणि करणं अवघड नाही. कोंड्यासकट जाडसर दळलेलं गव्हाचं पीठ घ्यायचं. चपातीची बारीक कणीक नको; ती पाणी जास्त पिते आणि तेच पाणी पुढे बाहेर काढणं जड जातं. लाडवासाठी गिरणीतून दळून आणतो तसं रवाळ पीठ उत्तम. अर्धा किलो पिठाला १९० ते २१० मिलिलिटर पाणी, त्याहून जास्त नाही. मीठ घालू नये, कारण मीठ हवेतला दमटपणा ओढतं. पीठ कोरडं, फुटल्यासारखं वाटेल. तसंच झाकून अर्धा तास ठेवायचं, पाणी आत मुरतं आणि गोळा जमतो. मग लाटण्याने किंवा वरवंट्याने चेचायचं, घडी घालायची, परत चेचायचं, गुळगुळीत होईपर्यंत. एक सेंटिमीटर जाड लाटून सात-आठ सेंटिमीटरचे तुकडे कापायचे. काट्याने दीड दीड सेंटिमीटरवर आरपार भोकं पाडायची. ही भोकं नक्षी नाहीत: त्यातून वाफ बाहेर जाते, बिस्किट पुरीसारखं फुगत नाही, आणि मधला भाग वाळतो.

ओव्हन २०० अंशांवर, अर्धा तास, मध्ये एकदा उलटायचं. इथे बहुतेक जण थांबतात आणि तिथेच फसतात. वरून तांबूस झालेलं बिस्किट आत ओलसर असतं. डब्यात भरलं की पंधरा दिवसांत बुरशी. म्हणून नंतर १२० अंशांवर दीड-दोन तास, मग ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्यायचं, आणि पुढचे काही दिवस कोरड्या उबदार जागी उघडं ठेवायचं. आरमाराच्या भट्ट्यांवरही बिस्किटं भाजल्यावर भट्टीच्या वरच्या माळ्यावर अनेक दिवस वाळत ठेवत. आच मोठी ठेवून वेळ वाचवला तर बाहेरचा थर आधी घट्ट होतो आणि आतलं पाणी कोंडलं जातं.

झालं की नाही हे ओळखायला एक खात्रीची खूण आहे: वजन. अर्धा किलो पिठात मुळातच साठेक ग्रॅम पाणी असतं. ते धरून वरून घातलेलं जवळपास सगळं पाणी गेलं पाहिजे, तेव्हा तयार बिस्किटांचं एकूण वजन ४८० ग्रॅमच्या आत, म्हणजे घेतलेल्या पिठापेक्षाही कमी भरायला हवं. लागोपाठ दोन दिवस वजन तेवढंच राहिलं की वाळली. तोडल्यावर टक्कन आवाज यावा आणि आतला रंग काठापासून मध्यापर्यंत एकसारखा असावा. मुंबई-कोकणात हे जून ते सप्टेंबरमध्ये करू नये. ओव्हनमध्ये गेलेलं पाणी दोन दिवसांत हवेतून परत येतं. खाताना मात्र दातांशी भांडू नका. पाण्यात, सुपात किंवा चहात भिजवा. खलाशी ते कुटून खारं मांस आणि कांद्याबरोबर शिजवत; त्या रश्श्याचं नाव लॉब्सकाउस, आणि त्यावरूनच लिव्हरपूलच्या माणसाला आजही 'स्काउस' किंवा 'स्काउसर' म्हणतात.

बिस्किटातल्या किड्यांच्या गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. इंग्रजीत त्याला सरसकट 'वीव्हिल' म्हणतात, पण बहुतेक वेळा तो स्टेगोबियम पॅनिसियम नावाचा, तांबूस तपकिरी रंगाचा, दोन-तीन मिलिमीटरचा भुंगेरा असतो. आपल्याकडे जुन्या मसाल्याच्या आणि धण्याच्या डब्यात होणारी कीड पुष्कळदा हीच. बिस्किट पुरतं कोरडं असेल तर कीड सावकाश वाढते, ओल लागली की जोरात. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, पाण्याचा.

मांसाचं गणित वेगळं. जनावर थंडीच्या मोसमात कापायचं, कारण मीठ आतपर्यंत पोचायच्या आधी हाडाजवळ सडण सुरू झाली तर नंतर कितीही मीठ घाला, उपयोग नाही. तुकडे मीठ आणि सोरा चोळून ठेवायचे. सोऱ्याने रंग लालसर राहतो. मग पिंपात मांसाचा थर, जाड खड्याच्या मिठाचा थर असं भरून वरून कडक खारं पाणी. खड्याचं मीठ मुद्दाम: ते हळूहळू विरघळतं आणि मांसातून पाणी सुटत गेलं तरी खार पातळ होऊ देत नाही. बारीक मीठ बाहेरून पटकन घट्ट थर धरतं आणि आत कच्चं राहतं.

आणि या सगळ्याचा जीव पिंपात. पिंपाच्या फळ्या पुरत्या वाळलेल्या लाकडाच्या नसतील तर नंतर आक्रसून फटी पडतात, खार गळून जातं, वर राहिलेलं मांस कुजतं, आणि बिअर व पाणीही जातं. १५८७ मध्ये फ्रान्सिस ड्रेक या इंग्रज दर्यावर्दीने पोर्तुगालच्या किनाऱ्यालगत स्पेनच्या आरमारासाठी चाललेल्या पिंपांच्या वाळलेल्या फळ्या पकडून जाळून टाकल्या. पुढच्या वर्षी स्पॅनिश आरमाडा, म्हणजे इंग्लंडवर चालून जाणारं स्पेनचं आरमार, ओल्या लाकडाची पिंपं घेऊन निघालं आणि लढाईच्या आधीच त्यांचा शिधा नासू लागला होता. त्याच स्वारीत त्याने जाळलेल्या जहाजांची चर्चा जास्त होते. मला त्या फळ्या जास्त महत्त्वाच्या वाटतात.

शिजवायच्या आधी मांस गोड्या पाण्यात भिजवून मीठ उतरवावं लागे. शिजताना वर येणारी चरबी स्वयंपाकी काढून घेई आणि विकत असे. तिला 'स्लश' म्हणत. या विक्रीतून जमलेल्या पैशाचा 'स्लश फंड', आता गुपचूप वापरायच्या पैशाच्या अर्थाने, आजच्या राजकारणाच्या बातम्यांत अजून भेटतो.

एवढा हिशेबी शिधा आणि तरी माणसं मरत होती, स्कर्व्हीने. तक्त्यात ताजं काहीच नव्हतं, क जीवनसत्त्व नव्हतं. हिरड्या सडत, जुन्या जखमा पुन्हा उघडत. जेम्स लिंड या डॉक्टरने १७४७ मध्ये 'सॉल्सबरी' जहाजावर बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री आणि लिंबं मिळालेली जोडी सुधारली. तरीही लिंबाचा रस शिध्यात सरसकट यायला १७९५ उजाडलं. दिवसाला पाऊण औंस, म्हणजे जेमतेम दीड मोठा चमचा. अठ्ठेचाळीस वर्षं, दीड चमच्यासाठी. शिध्याच्या तक्त्यात वजनं सगळी बरोबर होती, जिन्नस एक राहिला होता.

१८१३ नंतर पत्र्याच्या डब्यातलं मांस आरमारात येऊ लागलं, पुढे वाफेची जहाजं आली, मग बर्फघरं. सहा महिन्यांचं अन्न एकदम साठवायची गरज संपत गेली आणि रोजच्या बोलण्यातून व्हिटल्सही मागे पडला. पण तो संपलेला नाही. ब्रिटनमध्ये परवाना घेऊन दारू आणि जेवण विकणारा पबवाला म्हणजे 'लायसन्स्ड व्हिटलर'. त्यांच्या संघटनेने १७९४ मध्ये सुरू केलेलं 'मॉर्निंग अ‍ॅडव्हर्टायझर' हे पत्र अजून निघतं. आयर्लंडमध्ये खाटकाच्या दुकानावर 'व्हिटलर' अशी पाटी दिसते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात हॉटेल काढायचं तर आजही 'कॉमन व्हिटलर' नावाचा परवाना काढावा लागतो. बॉस्टनमध्ये वडापाव विकायचा म्हटलं तरी. अर्जावर स्पेलिंग 'सी'सकट असतं. खिडकीपाशी बोलताना तो खाऊन टाकावा.